लस-चाचणीतील भौगोलिक विश्लेषण

लस कोणाला दिली एवढेच न पाहता, तो माणूस कुठे राहतो आणि त्याच्या शेजारी किती जणांनी लस घेतली, हे नकाशावर मोजण्याची संशोधनपद्धती. लस घेतलेले शेजारी जंतूंची वाट अडवतात आणि त्याचा फायदा लस न घेतलेल्यालाही होतो. हे समूह-संरक्षण लस आणि प्लासिबो (तुलनेसाठी दिलेला, लस नसलेला नकली डोस) यांच्या सरळ तुलनेत दिसतच नाही, कारण ते दोन्ही गटांना मिळते.

बांगलादेशातील मतलब येथे १९८५ साली तोंडावाटे घ्यायच्या दोन कॉलरा-लसींची चाचणी झाली. २ ते १५ वर्षांची मुले आणि त्यावरील वयाच्या स्त्रिया तिच्यात होत्या. मोहम्मद अली, जॉन क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पहिल्या वर्षाच्या त्याच नोंदी वस्तीनिहाय पुन्हा तपासल्या. जिथे २८ टक्क्यांहून कमी लोकांनी लस घेतली होती, तिथे प्लासिबो घेतलेल्यांत हजारी ७.०१ जणांना कॉलरा झाला. ५० टक्क्यांहून अधिक लसीकरणाच्या वस्त्यांत हजारी १.४७ जणांना. लस घेतलेल्यांत हेच प्रमाण २.६६ आणि १.२७ होते. म्हणजे लसीची परिणामकारकता (प्लासिबोच्या तुलनेत आजार किती टक्क्यांनी घटला) विरळ लसीकरणात ६२ टक्के, तर दाट लसीकरणात अवघी १४ टक्के भरते. दुसरा आकडा पाहून लस कुचकामी ठरवणे ही घोडचूक होईल: तिथे लस घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही सर्वांत सुरक्षित होते.

कामाची सुरुवात जनगणनेपासून होते. प्रत्येक घराला क्रमांक आणि जीपीएस निर्देशांक देतात, मग लसीकरणाची आणि रुग्णालयाची नोंद त्याच क्रमांकाला जोडतात. अक्षांश-रेखांशांवर थेट अंतर मोजू नये. मतलबच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०२ किलोमीटर, तर अक्षांशाचा सुमारे १११ किलोमीटर असतो, त्यामुळे वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. आधी निर्देशांक मीटरमधील प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत, बदलावेत; मतलबला यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या अशा एका प्रक्षेपणाचा) ४६ उत्तर विभाग लागतो, कोलकात्याला ४५, नवी मुंबईला ४३. नंतर प्रत्येक घराभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यातील लसीकरणाची टक्केवारी मोजतात. या टक्केवारीच्या छेदात, म्हणजे भागायच्या संख्येत, वर्तुळातले पात्र वयाचे सगळे रहिवासी हवेत, चाचणीत नाव न घातलेलेसुद्धा. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांतील कॉलरा-लसीच्या चाचणीत अशी २५० मीटर त्रिज्येची वर्तुळे घेतली, तेव्हा नेहमीच्या गटनिहाय हिशेबात न दिसलेले समूह-संरक्षण दिसू लागले. त्रिज्या निम्मी केली की क्षेत्र चौथाईवर येते, म्हणून ती निकाल पाहण्याआधी ठरवून ठेवावी.

चुका बहुधा कडेला होतात. अभ्यासक्षेत्राच्या सीमेवरच्या घराचे अर्धे शेजारी नोंदीतच नसतात. नवी मुंबईत २०१८ मध्ये टायफॉइडची संयुग्म लस (जंतूच्या आवरणातील शर्करा प्रथिनाला जोडून केलेली) टप्प्याटप्प्याने आली. पहिल्या टप्प्यासाठी २२ पैकी ११ आरोग्य केंद्रांची क्षेत्रे यादृच्छिक पद्धतीने निवडली होती. अशा रचनेत हद्दीच्या रस्त्याच्या एका अंगाला लस असते, दुसऱ्या अंगाला नसते, आणि दोन्हीकडची मुले एकाच मैदानावर खेळतात. उपाय अंड्यासारखा: लस निवडलेल्या पूर्ण क्षेत्राला द्यायची, मोजमाप मात्र मधल्या बलकातच करायचे, भोवतालचा पांढरा पट्टा सोडायचा.

दुसरी फसगत रुग्णालयाच्या अंतराची. दूरची माणसे कमी येतात, त्यांचे आजार नोंदवले जात नाहीत आणि नकाशावर ती वस्ती निरोगी भासते. म्हणून घर ते रुग्णालय हे अंतर विश्लेषणात धरावेच लागते. बहुमजली चाळीत सगळी बिऱ्हाडे एकाच बिंदूवर येतात. तिथे मजला आणि खोली वेगळी नोंदवावी.

गोपनीयतेसाठी बिंदू थोडे सरकवायचे, ते फक्त प्रसिद्ध करायच्या नकाशावर. विश्लेषणाआधी सरकवले तर मोजलेली सगळी अंतरे खोटी ठरतात.