आयपॉड आणि लिनक्स : गाण्यांचे सिंक

ॲपलच्या आयपॉडवरील गाणी लिनक्स संगणकावरच्या संग्रहाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला तेव्हा तो फक्त मॅकशी बोलत असे; विंडोजची सोय २००२ मध्ये झाली. आयपॉडवर गाणी चढवणारा ॲपलचा प्रोग्राम म्हणजे आयट्यून्स; लिनक्ससाठी तो ॲपलने कधीच काढला नाही, त्यामुळे पुढचे सगळे काम स्वयंसेवी प्रोग्रामरांनी उलगडून केलेले आहे.

केबल जोडली की क्लासिक आणि नॅनो हे आयपॉड लिनक्सला साध्या पेन ड्राइव्हसारखे दिसतात. नवखा माणूस तिथेच फसतो. गाणी ड्राइव्हवर कॉपी होतात, जागाही भरते, पण आयपॉडच्या पडद्यावर एकही गाणे येत नाही. कारण आयपॉड फोल्डर चाळत बसत नाही. तो ‘आयट्यून्सडीबी’ ही एकच सूची वाचतो. गाण्यांच्या फाइली एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत बहुधा चार अक्षरी निरर्थक नावांनी विखुरलेल्या असतात आणि कोणती फाइल म्हणजे कोणते गाणे, हे त्या सूचीलाच ठाऊक. सूचीत तारखा १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजतात, फाइलचा पत्ता लिहिताना तिरप्या रेघेऐवजी (/) विसर्गासारखे चिन्ह (:) वापरतात. दोन्ही जुन्या मॅकच्या खुणा. शीर्षके यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे जगातल्या बहुतेक लिप्या सामावणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, असल्याने देवनागरी नावे त्यात बिनतक्रार मावतात. एमपी३ फाइलीतल्या जुन्या आयडी३व्ही१ टॅगचे (गाण्याची माहिती ठेवणाऱ्या छोट्या कप्प्याचे) तसे नाही : तिथे शीर्षकाला ३० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत एकटा ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्दच ३३ बाइट खातो.

ही सूची लिहिण्याचे काम लिबजीपॉड ही लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) करते. जीटीकेपॉड, ऱ्हिदमबॉक्स, अमारोक हे प्रोग्राम तिच्याच जोरावर चालत. कोणते गाणे किती वेळा ऐकले याची नोंद आयपॉड वेगळ्या फाइलीत ठेवतो. सिंक करताना ती आकडेवारी मूळ सूचीत मिळवावी लागते. सिंक खऱ्या अर्थाने दुहेरी होते ते इथे, नाहीतर ती नुसती कॉपीच.

सप्टेंबर २००७ मध्ये आयपॉड क्लासिक आणि तिसऱ्या पिढीचा नॅनो आले आणि ॲपलने सूचीला एक हॅश, म्हणजे सूचीवरून गणिताने काढलेली पडताळणीची खूण, जोडला. तो चुकला की आयपॉड शून्य गाणी दाखवी. काही दिवसांतच हा हॅश उलगडला गेला, पण तो काढायला उपकरणाचा १६ अंकी फायरवायर क्रमांक लागतो आणि तो आयपॉडवरच्या ‘सिसइन्फो’ फाइलीत नसेल तर आधी तिथे लिहावा लागतो. पुढच्या नॅनोंमध्ये हॅश आणखी किचकट होत गेले.

फाइल सिस्टिमचीही एक अडचण आहे. मॅकवर फॉरमॅट केलेल्या आयपॉडवर जर्नल (बदलांची नोंदवही) असलेली एचएफएस प्लस ही मॅकची फाइल सिस्टिम असते. लिनक्स ती वाचतो, पण सहसा तिच्यावर लिहू देत नाही. विंडोजवर रिस्टोअर करून एफएटी३२ ही विंडोजची फाइल सिस्टिम करून घेणे हाच त्यावरचा कमी कटकटीचा मार्ग.

केबल काढण्याची घाई महागात पडते. प्रोग्रामने ‘झाले’ म्हटले तरी काही डेटा अजून संगणकाच्या रॅममध्येच असू शकतो. त्यात सूची शेवटी लिहिली जाते, त्यामुळे केबल मधेच ओढली तर गाणी आयपॉडवर पोचलेली पण सूचीत नसलेली, म्हणजे अनाथ राहतात. जीटीकेपॉडमध्ये अशा फाइली शोधण्याची सोय आहे. जुन्या आयपॉडना नुसते अनमाउंट पुरत नाही; इजेक्ट दिल्याशिवाय पडद्यावरची ‘डिस्कनेक्ट करू नका’ ही सूचना हटत नाही.

आयपॉड टच मात्र आयफोनच्या जातीचा. तो डिस्क म्हणून दिसतच नाही. त्याच्यासाठी यूएसबीमक्सडी आणि लिबआयमोबाइलडिव्हाइस हे वेगळे प्रोग्राम लागतात.

हे सगळे टाळायचे तर रॉकबॉक्स. आर्कोस या कंपनीच्या प्लेअरांसाठी सुरू झालेले हे मुक्त फर्मवेअर (उपकरणाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) बऱ्याच आयपॉडवर चालते, ॲपलच्या फर्मवेअरला न जमणारा ऑग व्हॉर्बिस हा फाइल प्रकारही वाजवते, आणि त्याला सूची नको : फोल्डर ओढून टाकला की गाणी वाजली. ॲपलच्या मूळ फर्मवेअरने बूट केले की मात्र तीच गाणी पुन्हा गायब.