ट्रान्समिशन लाइन स्पीकर आणि त्याचा खर्ज: पार्श्वभूमी

कोल्हापुरात बासचा विषय निघाला की बोलणे बहुधा मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंतींकडे वळते. तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा घरात निवांत ऐकू पाहणाऱ्या हौशी मंडळींत मात्र ट्रान्समिशन लाइन पेट्यांविषयी, म्हणजे स्पीकरच्या मागचा आवाज लांब नळीतून फिरवून बाहेर सोडणाऱ्या पेट्यांविषयी, दोन टोकांची मते आढळतात. इतका खोल आणि मोकळा बास अन्य कोणत्याही पेटीत मिळत नाही, असे काही जण सांगतात. एवढे प्लायवुड खर्चूनही आवाज रोडच राहिला, अशी इतरांची तक्रार असते. दोन्ही मते खरी असू शकतात, आणि त्याचे कारण या रचनेच्या इतिहासात आहे.

स्पीकरच्या पडद्यामागून निघणारी लहर समोरच्या लहरीच्या उलट कलेत असल्यामुळे, म्हणजे दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना मारत असल्यामुळे, तिचे काय करायचे, हा मूळ प्रश्न होता. स्ट्रॉम्बर्ग-कार्लसन या अमेरिकी कंपनीतील बेंजामिन ओल्नी यांनी १९३६ साली जी पेटी मांडली, तिच्यात ही लहर घड्या घातलेल्या, आतून शोषक अस्तर लावलेल्या लांब नळीतून फिरून उघड्या तोंडाने बाहेर पडत असे. नळीची लांबी तरंगलांबीच्या पाव भागाइतकी ठेवतात. ४० हर्ट्झची लहर सुमारे ८.६ मीटर लांब असते, म्हणून नळी साधारण २.१५ मीटरची लागते. त्या वारंवारितेला पडदा फारसा हलत नाही आणि बहुतेक आवाज नळीच्या तोंडातून येतो. अडचण अशी की तीच नळी तिप्पट आणि पाचपट वारंवारितेलाही, म्हणजे १२० व २०० हर्ट्झच्या आसपास, पुन्हा निनादते, आणि पुरुषी गायकाचा आवाज नेमका तिथेच भरलेला असतो.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या आर्थर बेली यांनी १९६५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात नळीत लांब धाग्यांची लोकर सैलसर भरण्याचा उपाय सुचवला. लोकर वरचे निनाद शोषते आणि खर्जाला त्या मानाने कमी अडवते. पुढे केईएफ या ब्रिटिश कंपनीचा बी१३९ हा चपट्या लंबगोल पडद्याचा स्पीकर वापरून इंग्लंडमध्ये अशा अनेक पेट्या झाल्या. पण बासरिफ्लेक्स पेटीला, म्हणजे बाससाठी भोक ठेवलेल्या साध्या पेटीला, थील आणि स्मॉल या अभियंत्यांमुळे जसे पक्के गणित मिळाले, तसे लाइनला दीर्घकाळ मिळाले नाही. लोकरीमुळे ध्वनीचा वेग किती घटतो, यावरच वर्षानुवर्षे वाद चालला. जॉर्ज ऑग्स्पर्गर यांचे अशा भरलेल्या नळीचे संगणकीय प्रारूप २००० साली प्रसिद्ध झाले. तोवर लोकर घाला, ऐका, थोडी काढा, हीच रीत होती. माझ्या मते या पेटीचे यशापयश लांबीपेक्षा भरावावर अधिक ठरत आले आहे.

जुन्या लेखनात घनफुटाला अर्धा पौंड, म्हणजे लिटरला सुमारे ८ ग्रॅम लोकर, हे प्रमाण वारंवार येते. भराव याहून बराच दाटला की तोंडातून येणारा आवाज गुदमरतो, पेटी जवळपास बंद पेटीसारखी वागते आणि बास रोड होतो. फार विरळ राहिला तर खर्ज भरपूर मिळतो, पण मधले स्वर खडबडीत होतात. कोल्हापूरकराला लोकर दूर शोधावी लागत नाही, कारण घोंगड्यांचे पट्टणकोडोली जवळच आहे. तरी दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तिला कसर लागते, आणि कोणतीही लोकर नीट बांधली नाही तर काही वर्षांत तळाशी बसते व नळीचा वरचा भाग रिकामा पडतो. म्हणून पुष्कळ जण उशीत भरायचा पॉलिएस्टरचा कापूस पसंत करतात. नवी पेटी करताना स्पीकर नळीच्या बंद टोकाऐवजी तिथून एक तृतीयांश अंतरावर बसवला, तर तिप्पट वारंवारितेचा निनाद मुळातच दबतो आणि भराव बराच कमी पुरतो.