नव्या टीव्हीवर ती बदकं का पडत नाहीत?

परवा एक रील फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. एक माणूस बदकं मारायचा जुना व्हिडिओ गेम खोक्यातून बाहेर काढतो, भिंतीवरच्या भल्यामोठ्या फ्लॅट टीव्हीला जोडतो, त्याच्यासोबतची प्लास्टिकची बंदूक रोखतो आणि खटाखट ट्रिगर ओढत सुटतो, पण एक बदक पडेल तर शपथ. खाली कमेंटमध्ये नेहमीप्रमाणे तज्ज्ञांची जत्रा. एक म्हणतो बंदुकीतला इन्फ्रारेड बल्ब गेला असणार, दुसरा म्हणतो जुन्या टीव्हीच्या काचेला किरण ओळखणारा थर असायचा, आणि तिसऱ्याने तर सरळ सांगून टाकलंय की असल्या किरणांवर बंदी आली म्हणून कंपन्यांनी नव्या टीव्हीतून ती सोय काढून टाकली. सगळ्यात जास्त लाइक्स अर्थातच ह्या तिसऱ्याला. म्हटलं आता लिहिलंच पाहिजे.

कारण लहानपणी माझीही समजूत साधारण अशीच होती. बंदुकीतून काहीतरी निघतं आणि ते टीव्हीला लागतं. हे "काहीतरी" बघायचं म्हणून मी एका दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो आणि बंदूक उघडली. ट्रिगरमागे एक स्प्रिंग, एक बटणासारखा स्विच, नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचं छोटं भिंग, आणि बरंच मागे एका हिरव्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढा काळपट ठिपका. बल्ब कुठेच नाही! मला वाटलं बल्ब पडला कुठेतरी, सतरंजी झटकून झाली, कपाटाखाली हात घालून झाला. बंदूक परत जोडली तर एक स्क्रू उरला, पण बदकं आधीसारखीच पडायला लागली. म्हणजे बल्बशिवायच!

तो काळपट ठिपका म्हणजे प्रकाश ओळखणारा सेन्सर. बंदुकीतून बाहेर काहीच जात नव्हतं, उलट टीव्हीतून येणारा उजेड भिंगातून आत यायचा. बंदूक म्हणजे एक डोळा, तोही अगदी कमी बुद्धीचा. समोर उजेड आहे का नाही, एवढंच त्याला सांगता यायचं. बदक बिदक त्याला काही कळत नव्हतं.

मग नेम लागला हे कळायचं कसं? निन्टेन्डोची 1984 ची बंदूक घ्या. तुम्ही ट्रिगर ओढला की गेम क्षणभरासाठी सगळा पडदा काळा करायचा, आणि पुढच्याच चित्रात फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढायचा. आपल्याला ते नुसतं लुकलुकल्यासारखं दिसायचं, पण बंदुकीला सविस्तर दिसायचं. काळ्या चित्रात अंधार आणि पुढच्या चित्रात उजेड, म्हणजे नेम बरोबर बदकावर. दोन्ही वेळा अंधार, म्हणजे गेली वाया. दोन बदकं असतील तर आधी एकाचा चौकोन, मग दुसऱ्याचा, आणि उजेड कितव्या चित्रात दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरायचं. काळं चित्र आधी कशाला, तर कुणी चलाखी करून बंदूक बल्बवर रोखली तर काळ्या चित्राच्या वेळीसुद्धा उजेडच दिसेल, म्हणजे चोर पकडला. 1972 च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी ह्या पहिल्या घरगुती व्हिडिओ गेमसाठी वेगळी विकत मिळणाऱ्या रायफलला एवढी अक्कल नव्हती, ती दिव्याकडे रोखली तरी नेम लागला म्हणायची.

इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल की मग काळा पडदा आणि पांढरा चौकोन नवा टीव्हीपण दाखवेलच की. दाखवतोच. अडतंय दुसरीकडे, आणि ते समजायला जुन्या डबा टीव्हीच्या पोटात शिरावं लागेल. (खरंच शिरू नका, बंद केलेल्या पिक्चर ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.)

पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी एक गन असते. ह्या गोष्टीतली खरी बंदूक तीच, आणि तिचा नेम तुमच्याकडे असतो. रंगीत टीव्हीत वीस-पंचवीस हजार व्होल्टनी ओढले गेलेले हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण 30 टक्के वेगाने काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतात आणि जिथे आदळतील तिथे ठिपका उजळतो. रंगीत टीव्हीत असे तीन झोत असतात पण ते एकत्रच फिरतात, म्हणून आपण एकच धरू. ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या कॉइल चुंबकाच्या जोरावर तो झोत वळवतात, डावीकडून उजवीकडे एक ओळ, झरकन परत, मग खालची ओळ, असं वरपासून खालपर्यंत. 625 ओळींच्या टीव्हीत एका फेरीत साडेतीनशे बाराच्या... थांबा, नीट सांगतो, 312.5 ओळी, म्हणजे एकाआड एक, आणि अशा सेकंदाला 50 फेऱ्या. गुणाकार करा, सेकंदाला 15,625 ओळी. जुना टीव्ही चालू असला की एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा आठवतंय? टीव्ही दुरुस्तीवाले ज्याला एलओटी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर ह्याच 15,625 च्या ठेक्यावर थरथरायचा. पोरांना तो आवाज शेजारच्या खोलीतून कळायचा आणि मोठ्यांना "कुठे काय येतंय?", कारण वय वाढलं की इतके उंच सूर ऐकू येणं कमी होतं.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. एका ओळीला 64 मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मिळतात, त्यातले साधारण 52 प्रत्यक्ष चित्र काढायला आणि बाकीचे झोत परत डावीकडे यायला. पडदा 40 सेंटीमीटर रुंद धरला तर तो ठिपका काचेवरून सेकंदाला जवळपास 7.7 किलोमीटर वेगाने पळतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती साधारण ह्याच वेगाने फिरतं! आपण जमिनीवर पालथे पडून कार्टून बघत होतो तेव्हा नाकासमोर हे चाललं होतं, आणि ओरडा काय खायचा तर "डोळे जातील, लांब बस".

आणि हा ठिपका पुढे गेला की मागचा फॉस्फर लगेच विझायला लागतो. म्हणजे कुठल्याही एका क्षणी जुन्या टीव्हीवर पूर्ण चित्र कधीच नसतं, एक अरुंद उजळ पट्टा आणि बाकी बहुतेक अंधार. पूर्ण चित्र आपला डोळा आणि मेंदू मिळून तयार करतात कारण त्यांना इतक्या भराभर होणारी उघडझाप वेगळी करता येत नाही. पटत नसेल तर कुणाकडे असा टीव्ही अजून चालू असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, पडद्याचा चौथा-पाचवा हिस्सा उजळ आणि बाकी काळं दिसेल. जुन्या सिनेमांत एखाद्या सीनमध्ये मागे टीव्ही चालू असला की त्यावर काळा पट्टा सरकताना दिसतो तो ह्याचमुळे, सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं घेतो आणि टीव्हीचा ठेका वेगळा.

आता बंदुकीकडे परत या. पांढरा चौकोन 30 ओळी उंच असेल तर बंदुकीला तो चौकोन म्हणून दिसतच नाही, तिला दिसतात उजेडाचे 30 फटके, प्रत्येक फटक्यात 64 मायक्रोसेकंदांचं अंतर, सगळा खेळ दोन मिलिसेकंदांत खलास आणि मग पुन्हा अंधार. काळ्या चित्राची तपासणी गेम करतो, त्याशिवाय बंदुकीतल्या सर्किटला स्वतःचा फिल्टरही असतो, साधारण 15 हजारांच्या ठेक्यावर लुकलुकणारा उजेडच मान्य करायचा, बाकीचा सोडून द्यायचा. म्हणून खिडकीतलं ऊन चालत नाही, ट्यूबलाइट चालत नाही. टीव्हीच लागतो, आणि तोही ओळीओळीने चित्र काढणारा.

पुढच्या काळातल्या काही बंदुका तर ह्याहून हुशार निघाल्या. त्यांनी पांढरा चौकोन सोडला आणि सरळ घड्याळ लावलं. फेरी सुरू झाल्यापासून किती वेळाने झोत माझ्या समोरून गेला? त्या वेळाला 64 ने भागा, भागाकार म्हणजे वरून कितवी ओळ, आणि बाकी उरेल त्यातून सुरुवातीची न दिसणारी काही मायक्रोसेकंदं वजा केली की डावीकडून किती आत. एका मायक्रोसेकंदात ठिपका 7.7 मिलिमीटर पळतो, म्हणजे नेम मिलिमीटरभर अचूक हवा असेल तर वेळ मायक्रोसेकंदाच्या आठव्या हिस्स्यापर्यंत मोजायला हवी. प्लेस्टेशनच्या 1997 च्या बंदुकीची एक वायर टीव्हीच्या व्हिडिओ केबलला जोडावी लागायची ती ह्यासाठीच, फेरी कधी सुरू झाली हे तिला त्या सिग्नलमधून कळायचं. जागा शोधायला पट्टी नाही, घड्याळ! कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते हॉस्टेलमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, दोघंतिघं अजून मला टाळतात.

नव्या टीव्हीत झोतच नाही. एलसीडीत मागे दिवा जळत असतो आणि प्रत्येक ठिपका नवा हुकूम येईपर्यंत आहे तसा उजळ राहतो, त्यामुळे तो 15 हजारांचा ठेका गायब, फिल्टर म्हणतो हा टीव्हीच नव्हे. दुसरी अडचण उशिराची. नवा टीव्ही आलेला सिग्नल आधी साठवतो, ताणून पडद्याच्या मापाचा करतो, साफसूफ करतो आणि मग दाखवतो, ह्यात काही टीव्हींना 50 ते 100 मिलिसेकंदही जातात. गेमच्या हिशोबात एक चित्र म्हणजे फार तर 20 मिलिसेकंद. पांढरा चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत गेमने तपासून "नेम चुकला" असा निकाल देऊनही टाकलेला असतो. बदक हसत उडून जातं.

जाता जाता दुसरी एक अंधश्रद्धा. गेम अडकला की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, आठवतंय? मंतरलेल्या पाण्यासारखा प्रकार होता तो, आणि "गुण" यायचा म्हणून कुणी शंका घेतली नाही. गुण यायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, धातूच्या पट्ट्या एकमेकींवर घासून कॉन्टॅक्ट नीट बसायचा. फुंकरीतली वाफ उलट त्या पट्ट्या खराब करायची, निन्टेन्डो स्वतःच फुंकू नका म्हणून सांगत होती. पण फुंकर न मारता नुसती काढून बसवून बघू असा प्रयोग आमच्यापैकी एकानेही केला नाही. मोबाइलला अँटी-रेडिएशन स्टिकर लावणारे पुढे ह्यातूनच तयार झाले असावेत.

आणि बंदुकीतून उजेड निघणारा खेळही होता बरं का, पण फार आधी. 1936 मध्ये अमेरिकेत सीबर्ग कंपनीचं एक मशीन आलं होतं, त्यात रायफल प्रकाशाचा झोत सोडायची आणि सेन्सर बदकात असायचा. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या रडारच्या पडद्यांवर ऑपरेटर लोक विमानाचा ठिपका निवडायला बंदुकीच्या आकाराचा सेन्सर वापरायचे, तोपर्यंत डोळा बंदुकीत आला होता.

त्यामुळे त्या रीलमधल्या माणसाची बंदूक बहुतेक ठणठणीत असावी. फ्लॅट टीव्हीवर आता ज्या बंदुका चालतात त्यांत चक्क कॅमेरा असतो, पडद्याभोवती पांढरी चौकट काढतात आणि ती कशी तिरकी दिसते त्यावरून नेम ठरतो. त्याआधी 2006 मध्ये निन्टेन्डोनेच वी नावाचा व्हिडिओ गेम आणला, त्याच्या रिमोटमध्ये कॅमेरा आणि टीव्हीपाशी ठेवायला एक "सेन्सर बार". ह्या बारमध्ये सेन्सर अजिबात नाही, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत फक्त. तो हरवला तर त्याच्या जागी थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी रिमोट बिनतक्रार चालतो.