गार्मिश आणि पार्टनकिर्शन: एका जोडनावातली दोन गावं

म्युनिकमधल्या आमच्या मराठी मंडळींत उन्हाळा लागला की कोणीतरी म्हणतंच, "शनिवारी गार्मिशला जाऊ या का?" सकाळची गाडी पकडायची, सव्वा-दीड तासात आल्प्सच्या पायथ्याशी उतरायचं, 2962 मीटर उंचीच्या त्सुगश्पिट्सवर जाऊन बर्फ बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी. मीही बरीच वर्षं असंच 'गार्मिश' म्हणत होतो. एकदा तिथल्या छोट्या दुकानात चीज घेताना सहज म्हणालो, "तुमचं गार्मिश फार सुंदर आहे." काउंटरमागच्या आजी चीज कागदात गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले. "हे पार्टनकिर्शन आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "गार्मिश नदीच्या पलीकडे." मग पुडी नीट चिकटवून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी त्सुगश्पिट्सला गेलोच नाही. दोन्ही गावं पायी फिरलो.

नकाशावर हे एकच गाव आहे. नाव गार्मिश-पार्टनकिर्शन, वस्ती सुमारे 27 हजार. पश्चिमेला गार्मिश, पूर्वेला पार्टनकिर्शन आणि मधून पार्टनाख नदी. ती पुढे जाऊन लोइझाख नदीला मिळते. पण 1 जानेवारी 1935 पर्यंत ही दोन स्वतंत्र गावं होती आणि दोघांनाही 'मार्क्ट' हा दर्जा होता.

हा मार्क्ट काय प्रकार आहे ते आधी सांगतो. बव्हेरियात गावाच्या नावामागे तीनपैकी एक ओळख असते: साधी ग्रामपंचायत, मार्क्ट किंवा शहर. मध्ययुगात राजा किंवा धर्मसत्तेनं बाजार भरवण्याचा हक्क दिला की गाव मार्क्ट होई. आपल्या जुन्या दप्तरांत 'मौजे' आणि 'कसबे' असा भेद असे, त्यातलं पेठ असलेलं कसबे म्हणजे जवळपास हेच. आज त्या हक्काला व्यवहारात फारसा अर्थ उरलेला नाही, तरी बव्हेरियातली साडेतीनशेहून जास्त गावं हा किताब अभिमानानं लावतात. गार्मिश-पार्टनकिर्शन त्यांतलं सर्वांत मोठं. वस्ती बघता ते केव्हाच शहर म्हणवून घेऊ शकलं असतं, पण कागदोपत्री अजून मार्क्टच आहे.

पार्टनकिर्शन रस्त्यामुळे जन्मलं. इटलीतून ब्रेनर खिंड ओलांडून आउग्सबुर्गकडे जाणाऱ्या रोमन रस्त्यावर 'पार्थानुम' नावाचा टप्पा होता, गावाच्या नावाचा पहिला अर्धा भाग तिथून आला. आजचा लुडविगश्ट्रासं हा मुख्य रस्ता त्याच जुन्या वाटेवरून जातो. पुढे व्हेनिसचा मसाला, कापूस आणि रेशीम याच वाटेनं उत्तरेकडे जाऊ लागलं. ही वाहतूक 'रॉट' नावाच्या पद्धतीनं चाले. एका टप्प्याच्या गाडीवानांनी माल पुढच्या टप्प्यापर्यंतच न्यायचा, तिथं तो उतरवायचा आणि पुढे तिथल्या गाडीवानांनी उचलायचा. बाहेरच्या गाडीवानाला तो हक्क नाही. त्यामुळे टप्प्यावरच्या प्रत्येक गावात भाडं, कोठाराचं शुल्क, मुक्काम आणि खाणं-पिणं असा चारी बाजूंनी पैसा येई. 1487 मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी आपला बाजार ब्रेनरपलीकडच्या बोत्सेनहून शेजारच्या मिटेनवाल्डला हलवला आणि तो 1679 पर्यंत तिथंच राहिला. त्या काळात या खोऱ्याची चांगलीच भरभराट झाली. पण हळूहळू व्यापार समुद्राकडे वळला, त्यात सतराव्या शतकातलं तीस वर्षांचं युद्ध, आणि या वाटेवरची वर्दळ आटली.

गार्मिश या रस्त्यावर नव्हतं. त्याचा पहिला उल्लेख 802 सालच्या दस्तऐवजात येतो. त्यातलं जुनं नाव गेर्मार नावाच्या कोणा माणसाच्या नदीकाठच्या जमिनीवरून पडलं असं मानतात. त्या नावातच गावाचा स्वभाव आहे: कुरणं, गुरं, लाकूड. लोइझाखवरून ओंडक्यांचे तराफे खाली सोडले जात. व्हेर्डनफेल्स नावाच्या ज्या छोट्या परगण्यात ही दोन्ही गावं येत, त्याचा गढीवजा किल्ला गार्मिशच्या उत्तरेला कड्यावर होता. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून 1803 पर्यंत फ्रायझिंगच्या बिशपांची सत्ता, आणि त्यांचा कारभारी त्या किल्ल्यात बसे. 1590 च्या सुमारास 'चेटकिणी' ठरवून या खोऱ्यातल्या कितीतरी जणांना, बहुतेक बायकांनाच, मारण्यात आलं ते याच किल्ल्याच्या अंमलाखाली. आज तिथं पडके दगड आहेत आणि खाली खोऱ्याचं सुरेख दृश्य. बरेच लोक तेवढंच बघून उतरतात, याचं मला वाईट वाटतं.

थोडक्यात, एक गाव वाटसरूंच्या जिवावर वाढलं, दुसरं जमिनीच्या.

माहितीपुस्तिका मात्र फरक वेगळाच सांगतात: गार्मिश म्हणजे आधुनिक, दुकानांचं, कॅसिनोचं, आणि पार्टनकिर्शन म्हणजे जुनं, दगडी फरशीचं, चित्रांच्या भिंतींचं. वरवर पाहता पटतं. लुडविगश्ट्रासंवरून चालताना दोन्ही बाजूंच्या घरांवर संत, शेतकरी, घोडागाड्या रंगवलेल्या दिसतात. या भित्तिचित्रांना तिकडे 'ल्युफ्टलमालराय' म्हणतात. पण 1865 मध्ये पार्टनकिर्शनला मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला. त्यात तिथलं चर्चही गेलं, आजचं चर्च आगीनंतर बांधलेलं आहे. ज्या चित्रांना आपण शतकांपूर्वीची समजतो, त्यांतली बरीचशी विसाव्या शतकात हाइनरिख बिकेल या स्थानिक चित्रकारानं काढलेली आहेत. चित्रं उत्तम आहेत, त्यात वादच नाही. फक्त ती मध्ययुगीन नाहीत.

खरं जुनं हवं असेल तर उलट 'आधुनिक' गार्मिशला जावं लागतं. लोइझाखच्या काठी सेंट मार्टिनचं जुनं चर्च आहे. आत भिंतभर उंचीचा संत क्रिस्टोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंतीतून त्याचा चेहरा वर येतो. 1730 ते 1734 दरम्यान योझेफ श्मुत्सरनं नदीच्या दुसऱ्या अंगाला मोठं, सोनेरी नक्षीचं नवं चर्च बांधलं, म्हणून या जुन्या वास्तूकडे फारसं कोणी वळत नाही. जवळच 'हुसार' नावाच्या जुन्या खानावळीच्या भिंतीवर एक खिडकी आहे, जी खिडकी नाहीच. सगळी रंगवलेली, आणि तिच्यातून एक हुसार, म्हणजे घोडदळाचा शिपाई, रस्त्याकडे वाकून बघतोय. दोनशेच्या आसपास वर्षं झाली त्याला तिथं. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं की खरा माणूस आहे असंच वाटतं. दोन पावलं पुढे गेलं की सावली चुकीच्या बाजूला पडलेली दिसते आणि मग कळतं.

ही दोन गावं एक झाली ती आपखुशीनं नाही. 1889 मध्ये रेल्वे आली तेव्हा स्टेशन दोघांच्या मध्ये पडलं, त्यामुळे पाहुणे वाढले तरी गावं वेगळी राहू शकली. संगीतकार रिचर्ड श्ट्राउस 1908 मध्ये एका गाजलेल्या ऑपेराच्या कमाईतून बांधलेल्या घरात राहायला आला तो गार्मिशला. लेखक मिशाएल एंडं 1929 मध्ये जन्मला तोही गार्मिशला, जोडनावाच्या पाच वर्षं आधी. मग 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकची तयारी सुरू झाली आणि नाझी राजवटीनं दोन्ही गावांवर दबाव आणून एकत्रीकरण करवलं. जगासमोर एकच नाव, एकच यजमान हवा होता. त्या स्पर्धेत 28 देश आले आणि आल्पाइन स्कीइंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या तेवढ्यापुरत्या काढल्या होत्या. 10 नोव्हेंबर 1938 ला इथल्या ज्यू रहिवाशांना एका दिवसात गावाबाहेर काढण्यात आलं. जोडनावातल्या त्या छोट्या आडव्या रेघेला हा इतिहास चिकटलेला आहे.

म्हणूनच 'गार्मिश' एवढंच म्हणणं पार्टनकिर्शनच्या लोकांना टोचतं. सक्तीनं जोडलं, आणि वर नाव पण गिळलं. या सवयीला युद्धानंतर आलेल्या अमेरिकन सैन्याचाही हातभार लागला. त्यांची विश्रांतीची ठिकाणं आणि पुढे मार्शल सेंटर ही सुरक्षाविषयक अभ्यासाची संस्था इथं आली, आणि त्यांच्या तोंडी छोटं नावच बसलं. जर्मन लोकही तेच करतात.

नगरपालिका एक, पण रोजच्या जगण्यात बहुतेक गोष्टी अजून दोन-दोन आहेत. अग्निशमन दलं दोन, पारंपरिक पोशाखाची मंडळं दोन, बँड पथकं दोन, गुरं चारण्याच्या हक्कांच्या सहकारी संस्था दोन. स्की क्लबही दोन: स्कीपटू फेलिक्स नॉयरॉयटर, मारिया ह्योफ्ल-रीश आणि बायथलॉनची (स्की आणि नेमबाजी) लाउरा डालमायर या तिघांच्या नावापुढे लागायचा तो पार्टनकिर्शनचा क्लब, आणि नववर्षाच्या दिवशी जगभर टीव्हीवर दिसणारी स्की-उडीही त्याच बाजूच्या गुडीबेर्ग टेकडीवर होते. आइस हॉकीचा जुना रीसरझे क्लब गार्मिशकडचा. नगरपालिकेची इमारत मात्र पार्टनकिर्शनच्या हद्दीत, लुडविगश्ट्रासंच्या तोंडाशी आहे. नावात दुसरं आलेल्या गावाला निदान कचेरी मिळाली, हे मला बरंच वाटतं.

तर जाणार असाल तर स्टेशनवरून पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं चाललात की गार्मिशचा मारिएनप्लाट्स, आणि त्यापलीकडे नदीकाठी ते जुनं चर्च. पूर्वेला साधारण तेवढंच चाललात की लुडविगश्ट्रासं, आणि वर डोंगरउतारावर सेंट अँटनचं चर्च, जिथून दोन्ही गावांची छपरं एकदम दिसतात. उन्हाळ्यात दोन्हीकडे आठवडाभराची जत्रा असते, आधी गार्मिशची, मग ऑगस्टमध्ये पार्टनकिर्शनची. मोठा मांडव, बँड, बिअर, चामडी चड्ड्या घातलेली नाचणारी पोरं. ज्या मांडवात बसाल त्या गावाचं नाव तेवढं नीट घ्या.