गुन्ह्यामुळे झालेलं नुकसान: इंदूरमध्ये ‘प्रतिकरा’साठी अर्ज कसा करायचा

आरोपी सापडेल, खटला चालेल, शिक्षा होईल आणि मग कुठे पैशांचं बोलायचं, असं धरून बसू नका. सरकारी भरपाई, म्हणजेच प्रतिकर, शिक्षेवर अवलंबून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 प्रमाणे (पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेचं 357 अ) आरोपीचा पत्ताच लागला नाही तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं स्वतः अर्ज करू शकतात. पोलिसांनी ‘खात्मा’ लावला, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल दिला, म्हणून हा रस्ता बंद होत नाही. आरोपी निर्दोष सुटला, तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं.

आपल्या मराठी घरांत एक घोटाळा नेहमी होतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘मनोधैर्य’चं नाव सुचवतात, पण ती महाराष्ट्राची योजना. गुन्हा इंदूरात घडला असेल तर मध्यप्रदेश अपराध पीड़ित प्रतिकर योजना, 2015 लागू होते. कार्यालयात ‘नुकसानभरपाई’ न म्हणता ‘प्रतिकर’ म्हणा, लगेच कळेल.

अर्ज द्यायचा जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी, असं कायदाच सांगतो. तोवर उपचार अडले असतील तर तातडीची अंतरिम मदत अर्जातच मागा. ठाणेदाराच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या प्रमाणपत्रावर मोफत उपचाराचा आदेशही निघू शकतो. अॅसिड हल्ला किंवा बलात्कार असेल तर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने प्रथमोपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे असतात. अॅसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवून दिलं.

कागद जमवताना एफआयआरची प्रत आधी घ्या. तक्रारदाराला ती फुकट मिळते. सोबत एमएलसी (पोलीस प्रकरणात डॉक्टरने केलेली जखमांची नोंद) आणि दवाखान्याची बिलं, आधार, बँक पासबुक, बुडालेल्या मजुरीचा किंवा पगाराचा पुरावा जोडा. मृत्यू झाला असेल तर पोस्टमॉर्टम अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांचा पुरावा लागतो. औषधाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा फेकू नका.

नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्यात लग्नानंतर मुलीचं नावच बदलतं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. इथल्या हिंदी कागदांवर ते कधी असतं, कधी नसतं. एफआयआरमध्ये एक, पासबुकात दुसरं, असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र अर्जासोबतच द्या. घरातला माणूस गेलेल्या बाईला एवढ्यासाठी पुन्हा हेलपाटा घालावा लागू नये, असं मनापासून वाटतं.

निव्वळ चोरी किंवा फसवणुकीत गेलेल्या पैशांसाठी ही योजना नाही. ती पुनर्वसनाची गरज असलेल्यांसाठी आहे. जप्त झालेला माल न्यायालयाकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (मागितल्यावर माल हजर करण्याच्या लेखी हमीवर) सोडवता येतो. ऑनलाइन फसवणूक झाली तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच परत मिळायची आशा. रस्ता अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो.

वकील परवडत नसेल तर तोही जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडेच मागा. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.