हृदयगतिमापक : सायकलस्वारीतील चुकीच्या नोंदी

सायकल चालवताना छातीचा पट्टा किंवा मनगटी घड्याळ दाखवते तो ठोक्यांचा आकडा आणि प्रत्यक्ष नाडी यांत पडणारा फरक. पट्टा हृदयाचे विद्युत् स्पंद टिपतो; घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्ताचा चढउतार वाचते. प्रकाशीय पद्धतीचे श्रेय सामान्यतः अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ हर्ट्झमन (१९३७) यांना देतात. मात्र त्याच दशकात इतरांचेही प्रयोग झालेले दिसतात. बिनतारी पट्टा फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२च्या सुमारास विक्रीस आणला.

सोलापूरसारख्या कोरड्या हवेत पट्ट्याचा मुख्य दोष पहिल्या १०–१५ मिनिटांत दिसतो : अंग तापण्याआधीच आकडा २००च्या वर उडतो. याच्या कारणाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार घाम नसल्याने इलेक्ट्रोड (पट्ट्याच्या आतील बाजूचे विद्युत् स्पंद टिपणारे भाग) त्वचेला नीट भिडत नाहीत आणि पट्टा सरकताना उमटणारे खोटे स्पंद ठोके म्हणून मोजले जातात. दुसऱ्या मतानुसार सैल पॉलिएस्टर जर्सी वाऱ्याने फडफडून स्थिर विद्युत् निर्माण होते. पाणी लावून गुण आला, एवढ्यावरून निर्णय करता येत नाही, कारण ओलाव्याने दोन्ही कारणे नाहीशी होतात. पट्टा कोरडाच ठेवून जर्सीची चेन गळ्यापर्यंत लावावी. आकडा तेवढ्याने सुधारला तर दोष कापडाचा. संथ चढावरही तो बिघडत असेल, तर पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. उपाय : निघण्यापूर्वी इलेक्ट्रोड पाण्याने किंवा ईसीजी जेलने ओले करणे, पट्टा छातीच्या स्नायूंखाली घट्ट बसवणे, फेरीनंतर मीठ धुऊन काढणे आणि ट्रान्समीटर (आकडा बिनतारी पाठवणारी डबी) पट्ट्यापासून सोडवून ठेवणे. तो जोडलेलाच राहिल्यास ओल्या पट्ट्यामुळे सेल उतरतो.

उच्चदाबाच्या तारांखाली आकडा बिघडणे हे मुख्यतः ५ किलोहर्ट्झच्या जुन्या ॲनालॉग पट्ट्यांबाबत खरे होते. नव्या पट्ट्यांच्या २.४ गिगाहर्ट्झच्या (ब्लूटूथसारख्या) सांकेतिक प्रक्षेपणाला या तारांचा सहसा त्रास होत नाही.

घड्याळाची अडचण वेगळी. हँडलवर वाकलेले मनगट, खडबडीत रस्त्याचे हादरे आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आकसलेल्या रक्तवाहिन्या यांमुळे स्पंद क्षीण होतो. तुळजापूरच्या घाटात जोर एकदम वाढला की आकडा काही सेकंद मागे राहतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधावे.

शंका आल्यास थांबून नाडी १५ सेकंद मोजावी व ४ने गुणावी. नाडीही तितकीच जलद किंवा अनियमित लागली, अथवा चक्कर वा छातीत दुखणे जाणवले, तर यंत्राला दोष न देता सायकल चालवणे थांबवून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.