पाळण्याचं गाणं की निरोपाचं?

इंदूरला रामबागेत मामांच्या नातीचं बारसं होतं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मामीने पाळण्याची दोरी हातात घेऊन एक जुनं हिंदी सिनेमातलं गाणं सुरू केलं. संथ, सहा मात्रांचं, झोक्याला अगदी चपखल बसणारं. शेजारचे आजोबा कळवळून म्हणाले, "सूनबाई, आजच्या दिवशी हे रडायचं गाणं कशाला?" मामीला कळेना. तिने तो सिनेमा पाहिलाच नव्हता. तिच्या आईने तिला जोजवताना ते म्हटलेलं, तेवढीच ओळख. आजोबांनी मात्र तो टॉकीजमध्ये पाहिलेला, आणि गाणं कानावर पडताच त्यांना मूल ठेवून निघालेली आई दिसत होती.

दोघांचंही बरोबर होतं, असं मला मनापासून वाटतं.

गाण्याचा भाव आपण आधी लयीवरून ओळखतो. केट हेव्हनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३०च्या दशकात एकाच रचनेत एकेक गोष्ट बदलून ती लोकांना ऐकवली. लय वाढवली की श्रोते आनंदी, उत्साही अशी विशेषणं निवडत. लय उतरवली की शांत, गंभीर, हळवं, उदास. इथेच खरी मेख आहे. जलद लयीबद्दल फारसा वाद होत नाही, पण संथ लयीत शांतता आणि दुःख एकाच घरात राहतात. अंगाईही तिथलीच आणि निरोपही तिथलाच. आपले सिनेमे याचा किती सुरेख उपयोग करतात! मध्यंतराआधी ढोलक-बासरीवर नाचणारा मुखडा नंतर ठेका काढून, लय अर्ध्यावर आणून पुन्हा येतो. शब्द जवळपास तेच, चाल तीच, आणि थिएटरात हुंदके.

कॅनडातल्या २००१च्या एका अभ्यासात पाच वर्षांची मुलं आनंदी-दुःखी हे फक्त लयीवरून सांगत होती. स्वरांचा मेळ, म्हणजे ढोबळमानाने गंधार शुद्ध आहे की कोमल, याचा उपयोग सहा ते आठ वर्षांची मुलं करू लागली होती. लय आधी कळते, स्वरांचा रंग मागून.

आणि लय कळते ती नुसती कानाला नाही. टेबलावर बोटाने एकसारखे सहा ठोके देत राहा, कुठेही जोर न देता. मनात 'धा धी ना, धा तू ना' म्हणा, तीन-तीनचा दादरा डुलायला लागेल. आता तेच ठोके दोन-दोनने मोजा. आवाज तोच, पण चाल पावलं टाकल्यासारखी होते. २००५मध्ये जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना असाच बिनजोराचा ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला कडेवर हिंदकळवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर बाळं तोच ठेका जास्त वेळ ऐकत राहिली, ज्यात जोर त्यांच्या हिंदकळण्याप्रमाणे पडत होता. म्हणजे पाळण्याला झोका देणारा हात बाळाला ताल कसा ऐकायचा हेच शिकवत असतो. मोठेपणी आपण अगदी निश्चल बसून ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात, हे स्कॅनमध्ये दिसलं आहे.

इंदूरच्या माणसाला इथे इंदूर घराण्याचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ आठवणारच. दोन ठोक्यांत साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं की ते आपल्याला ताल म्हणून जाणवत नाहीत, सुटे सुटे वाटतात. खाँसाहेबांच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालात एकेक मात्रा त्याहूनही लांब असते, आणि मात्रा चौदा! तरी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, श्रोत्यांची मान एकदम हलते, कारण तबलजी मधली जागा भरत असतो आणि ऐकणारा आतल्या आत मात्रेचे तुकडे पाडत असतो.

आता चित्र. १९४४मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरिआन सिमेल यांनी एक छोटी फिल्म केली होती: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ, आणि त्यांची पळापळ. बघणारे त्यात आपसूक भांडण, पाठलाग, गुंडगिरी पाहतात. १९८८मध्ये सँड्रा मार्शल आणि अ‍ॅनाबेल कोहेन यांनी त्याच फिल्मला वेगवेगळं संगीत लावलं, तर त्याच आकृत्यांच्या स्वभावाबद्दलची लोकांची मतं बदलली. त्रिकोणाची ही गत, मग रडणाऱ्या आईच्या चेहऱ्याचं काय? आणि ही देवघेव दोन्हीकडून चालते. चित्र गाण्याला चिकटतं ते सुटत नाही. ओळखीची सुरावट आणि आयुष्यातली आठवण यांची गाठ मेंदूच्या पुढच्या, कपाळामागच्या भागात पडते, असं पीटर जनाटा यांनी २००९मध्ये दाखवलं. आजोबांच्या कानावर गाणं आलं ते एकटं नव्हतंच.

मामीची बाजूही पक्की आहे. २०१८च्या एका अभ्यासात ८६ छोट्या समाजांमधल्या गाण्यांचे चौदा-चौदा सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या ७५० लोकांना ऐकवले. भाषा अगम्य, तरी अंगाई कुठली आणि नाचाचं गाणं कुठलं, हे त्यांनी ओळखलं. प्रेमगीत ओळखणं मात्र जमलं नाही. त्याआधी १९९९मध्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना आपले राग ऐकवले होते. आनंद, दुःख, क्रोध हे भाव त्यांना बऱ्यापैकी कळले, शांती हाती लागली नाही. आपल्याकडेही भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत शांत रस नव्हता, तो नववा म्हणून मागाहून आला. शांत आणि उदास यांतली रेघ कानाला घरात, मैफलीत, टॉकीजमध्ये बसूनच शिकावी लागत असणार.

मामी काही थांबली नाही. दुसरं कडवं संपेपर्यंत पोरगी झोपली होती. तिसरं मामीला येत नव्हतं. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले आणि ते कडवं त्यांनी हळू आवाजात म्हटलं, झोक्याच्या लयीत.